गच्चीवर फुल रेंज, माजघरात एक काडी: मग कॉल खालीच का चालतो?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा: “बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. गच्चीवर फोनच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात. तरी उत्तरायणाला दुपारी पुण्यातल्या नातवाला पतंग दाखवायला व्हिडिओ कॉल लावला की चित्र थिजतं. खाली माजघरात जेमतेम एक काडी, पण तिथे तोच कॉल नीट चालतो. रेंज जास्त तिथे नेट कमी, हे कसं? आणि कंपन्या आणखी टॉवर का लावत नाहीत?”

तुमचं निरीक्षण अचूक आहे. फोन ठीक आहे, सिमही ठीक आहे. मी बावीस वर्षं मोबाइल नेटवर्कच्या रेडिओ नियोजनाचं काम करतोय, त्यातली बरीच बडोदा, आणंद, भरूच या पट्ट्यात. आमच्यासाठी वर्षातला सर्वांत अवघड दिवस म्हणजे १४ जानेवारी, उत्तरायण, आपली संक्रांत. लोकांना वाटतं नवरात्र अवघड असेल. गरब्याची गर्दी मोठी असते हे खरं, पण ती ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या वेळी असते. तिची तयारी करता येते. उत्तरायणाला अख्खं शहर एकदम अगाशीवर चढतं. आणि आमचं सगळं नेटवर्क माणसं घरात, दुकानात, रस्त्यावर आहेत असं धरून उभं केलेलं असतं.

आधी काड्यांचं बघू. बहुतेक फोनांत काड्या एवढंच दाखवतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा पोहोचतोय. तो आवाज किती स्पष्ट कळतोय हे त्या दाखवत नाहीत. आणि नेटचा वेग ठरतो तो स्पष्टपणावर. हव्या असलेल्या टॉवरचा आवाज एकीकडे, बाकी सगळा गोंगाट दुसरीकडे, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण. या प्रमाणाला आम्ही एसआयएनआर म्हणतो. दिवसभर काम करताना माझी नजर याच आकड्यावर असते, काड्यांकडे मी बघतही नाही.

तुमच्या घराचंच उदाहरण घेतो. आकडे मी धरलेले आहेत, पण अशा वस्तीत मोजायला गेलं की साधारण असेच मिळतात. सिग्नल डीबीएम या मापात मोजतात आणि आकडे उणे असतात: उणे ६५ म्हणजे दणदणीत, उणे १०० म्हणजे क्षीण, आणि दर दहाच्या फरकाला सिग्नल दहापट कमी किंवा जास्त. समजा गच्चीवर तुमच्या टॉवरचा सिग्नल उणे ६५ आहे. पण तिथेच रावपुऱ्याकडचा एक टॉवर उणे ६७ ने ऐकू येतोय, सुरसागरच्या बाजूचा आणखी एक उणे ६८ ने, आणि तिघेही एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतायत. त्या दोघांची बेरीज होते साधारण उणे ६४.५. म्हणजे नको असलेला आवाज हव्या असलेल्या आवाजापेक्षा किंचित मोठाच झाला. काड्या मात्र भरलेल्याच, कारण उणे ६५ खरोखरच भरपूर आहे.

आता माजघरात या. तुमच्या, म्हणजे गल्लीच्या टोकाच्या टॉवरचा सिग्नल मागच्या खिडकीतून कसाबसा आत येतो, उणे १००. बाकीच्या दोघांना दोन-तीन जाड भिंती आडव्या येतात, ते उरतात उणे ११५ आणि उणे ११६. त्यांची बेरीज उणे ११२.५ च्या आसपास. म्हणजे तुमचा टॉवर गोंगाटाच्या साडेबारा डेसिबल वर, साधारण सतरा-अठरापट. गच्चीपेक्षा इथला सिग्नल तीन हजार पटींनी क्षीण आहे आणि तरीही बोलणं कितीतरी स्पष्ट आहे.

यातून नेट किती मिळेल याचं सूत्र अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडून ठेवलं. बँडविड्थच्या, म्हणजे वापरायला मिळालेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्टीच्या, दर हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जातील, हे सिग्नल आणि गोंगाट यांच्या प्रमाणावरून काढता येतं. गच्चीवरच्या प्रमाणाला उत्तर येतं ०.९ बिट, माजघरातल्या प्रमाणाला ४.२ बिट. ही कागदावरची कमाल मर्यादा, प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून कमी मिळतं. पण तफावत साधारण तेवढीच राहते. तुमच्या भिंती शेजारचे टॉवर अडवतात, म्हणून तुमचा कॉल माजघरात चालतो.

मग सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर का बोलतात? त्यांना वेगवेगळ्या द्याव्यात की, असं तुम्ही म्हणाल. पूर्वी तसंच होतं.

मी या कामात आलो तेव्हा टू-जीचे दिवस होते. एका कंपनीला एका सर्कलमध्ये, म्हणजे गुजरातसारख्या एका परवाना-विभागात, सुरुवातीला ४.४ मेगाहर्ट्झ आणि ग्राहक वाढले की ६.२ मेगाहर्ट्झपर्यंत स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायला फ्रिक्वेन्सी, मिळायचा. जीएसएमचा, म्हणजे त्या टू-जी तंत्राचा, एक कॅरिअर (फ्रिक्वेन्सीची एक पट्टी) २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे ६.२ मध्ये ३१ कॅरिअर. एका कॅरिअरवर आठ टाइमस्लॉट, आठ जण आळीपाळीने बोलणार, त्यातले काही स्लॉट नेटवर्कच्या स्वतःच्या निरोपांसाठी. सगळ्या गुजरातला पुरवायचे ते हे ३१. आमचं काम नकाशात रंग भरण्यासारखं होतं: ३१ रंगांचे खडू, शेकडो सेक्टर (टॉवरच्या एकेका दिशेचा भाग), आणि शेजारच्या दोन सेक्टरना एक रंग येता कामा नये, एका टॉवरवर लागोपाठचे दोन रंगही नकोत. नवा टॉवर उभा राहिला की आसपासच्या वीस-तीस सेक्टरचे रंग बदलायचे. ते आम्ही रात्री एक ते चारमध्ये करायचो. पहाटे व्हॅनमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मांडवीपासून फतेगंजपर्यंत फेरी मारायची आणि कुठे दोन रंग एकमेकांवर चढलेत ते ऐकायचं. तेव्हा खरंच कानाने ऐकायचो. हेडफोनमध्ये आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला की समजायचं, इथे फ्रिक्वेन्सीची टक्कर आहे.

या पद्धतीत शांतता होती, पण उधळपट्टीही होती. एका जागी तुमच्याकडच्या स्पेक्ट्रमचा छोटासा तुकडाच वापरात असायचा, बाकीचा शेजाऱ्यांसाठी राखलेला. बोलण्यापुरतं ते भागलं. डेटा आल्यावर भागेना. २०१० च्या लिलावानंतर थ्री-जी आलं, तेव्हा एका कंपनीकडे २१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झचा एकच कॅरिअर, आणि सगळ्या टॉवरवर तोच. फोर-जीतही तोच विचार पुढे चालला: प्रत्येक टॉवरने आपला सगळा स्पेक्ट्रम वापरायचा, सरहद्दीवर थोडी टक्कर होणार हे मान्य करायचं, आणि ती टक्कर आवरायला हुशारी वापरायची. टॉवरच्या जवळ राहणाऱ्यांना याचा प्रचंड फायदा झाला. किंमत मोजतो तो सरहद्दीवरचा माणूस. तुमची गच्ची, ताई, एकाच वेळी तीन सरहद्दींवर आहे.

बँडविड्थ वाटली कशी जाते हेही सांगितलं पाहिजे, कारण उत्तरायणाचं अर्धं दुखणं त्यात आहे. फोर-जीत स्पेक्ट्रमचे १८० किलोहर्ट्झचे तुकडे केलेले असतात, त्यांना रिसोर्स ब्लॉक म्हणतात. १० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये असे ५० तुकडे. दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, टॉवरमधला शेड्युलर ठरवतो की हे ५० तुकडे आत्ता कुणाला द्यायचे. घरातला वाढपी जसा पंगतीत कुणाचं पान रिकामं, कुणाला काय हवं हे बघत फिरतो, तसं. फक्त वाढायला ताटं शेकडो असतात.

पण एका तुकड्यात प्रत्येकाला सारखं मिळत नाही. तुमचा व्हिडिओ कॉल २ मेगाबिटचा धरा. माजघरात हर्ट्झमागे चार बिट मिळतायत, तर तुम्हाला अर्धा मेगाहर्ट्झ पुरतो. गच्चीवर ०.९ मिळतात, म्हणून तोच कॉल २.२ मेगाहर्ट्झ खातो. दहा मेगाहर्ट्झच्या सेक्टरमध्ये माजघरासारख्या ठिकाणचे वीस जण बसतील, गच्चीवरचे चार. माणसं तीच, फोन तेच, मागणी तीच. नुसती सगळी एक मजला वर गेली आणि सेक्टरची क्षमता एक पंचमांशावर आली. उत्तरायणाला दुपारी नेमकं हे होतं. त्यात मागणीही वाढलेली असते, कारण प्रत्येकाला आपली पेच लढवतानाची क्लिप पाठवायची असते.

यात शेड्युलरने न्याय कसा करावा हा अवघड प्रश्न आहे. ज्याचं प्रमाण उत्तम त्यालाच तुकडे दिले तर सेक्टरचा एकूण आकडा झकास दिसतो, पण कडेचा माणूस उपाशी राहतो. सगळ्यांना सारखे तुकडे दिले तर कडेच्या दोघा-चौघांमागे सगळं खर्च होतं. म्हणून मधला मार्ग वापरतात: प्रत्येकाच्या बाबतीत बघायचं की त्याला आतापर्यंत सरासरी किती मिळालंय आणि या क्षणी त्याची स्थिती त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या मानाने चांगली आहे का. चांगली असेल तेव्हा त्याला द्यायचं. याला प्रपोर्शनल फेअर म्हणतात. किती ‘फेअर’ ठेवायचं त्याचा एक खटका कंपनीच्या हातात असतो, आणि माझं मत असं की सणाच्या दिवशी तो कडेच्या माणसाच्या बाजूने थोडा सरकवला पाहिजे. अहवालातला सरासरी वेग घटतो, वरून विचारणा होते. पण त्या दिवशी कुणाचाच कॉल अगदी मरू नये हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच ठिकाणी एक उपयोगाची गोष्ट. फोनचा साधा कॉल, जो फोर-जीवर व्होल्टेने जातो, त्याला नेटवर्कमध्ये वेगळा अग्रक्रम असतो. शेड्युलर त्याचं पान आधी वाढतो. अ‍ॅपवरचा व्हिडिओ कॉल मात्र नेटवर्कच्या लेखी नुसता डेटा, शेजारच्याच्या रील्सच्याच रांगेतला. म्हणून गच्चीवरून साधा कॉल लागतो आणि व्हिडिओ अडकतो.

आता टॉवरचा प्रश्न. टॉवर वाढवा, किंवा आहेत त्यांची ताकद वाढवा, असं सगळेच म्हणतात. आपल्याकडच्या गणपतीतला अनुभव आठवा. दोन जवळच्या गल्ल्यांत दोन मंडळं, दोघांचे कर्णे. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवतो, त्यावर पहिला आणखी. शेवटी दोन्ही आरत्या सुरू असतात आणि कुठलीच कळत नाही. आमच्याकडे सगळ्यांनी ताकद दुप्पट केली तर सिग्नलही दुप्पट आणि गोंगाटही दुप्पट. प्रमाण तेच राहतं. शिवाय टॉवरच्या प्रारणाची मर्यादा भारताने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तेव्हा ताकद वाढवण्याला हद्द आहेच. मंडळांवर जो उपाय लागू पडतो तोच इथे: कर्ण्याचं तोंड आपल्या मांडवाकडे वळवायचं आणि आवाज आपल्या माणसांपुरता ठेवायचा.

टॉवरवरच्या अँटेनाचं तोंड किती अंश खाली झुकवलंय याला टिल्ट म्हणतात. बावीस वर्षांत मी अनेक भारी सॉफ्टवेअर सुविधा येताना पाहिल्या. शेजारच्या टॉवरनी एकमेकांना निरोप पाठवून तुकडे वाटून घेणं, मोठ्या टॉवरने ठरावीक क्षण गप्प राहून लहान टॉवरला बोलू देणं, दोन टॉवरनी मिळून एकाच फोनशी बोलणं. सगळ्यांचा थोडा थोडा उपयोग होतो. पण एका अँटेनाचा टिल्ट नीट बसवण्याने जितका फरक पडतो तितका मी दुसऱ्या कशानेही पडताना पाहिला नाही. हिशोब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. ३० मीटरवरची अँटेना २ अंश झुकवली तर तिच्या झोताचा मध्य जवळपास ८६० मीटरवर जमिनीला लागतो, ६ अंश झुकवली तर २८५ मीटरवर. जुन्या शहरात टॉवर चारशे-पाचशे मीटरवर असतात. दोन अंशांवरचा टॉवर शेजारच्याचं अंगण ओलांडून त्याच्या पलीकडच्या घरात डोकावतो.

आणि इथेच उत्तरायणाची मेख आहे. ६ अंशांवर जो झोत रस्त्यावर २८५ मीटरवर पोहोचतो, तो दहा मीटर उंचीच्या गच्चीच्या पातळीवर १९० मीटरवरच येऊन जातो. त्यापुढच्या गच्च्या झोताच्या वरच्या काठावर, जिथे स्वतःचा टॉवर जरा अंधुक आणि दूरचे टॉवर मोकळ्या हवेतून थेट समोर. रस्त्यावर ज्या टॉवरना इमारती झाकतात, ते गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. तुम्हाला दिसतात तसे फोनलाही दिसतात. मी एकदा वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी १५ तारखेला, मित्राच्या गच्चीवर मोजणीचा फोन घेऊन गेलो होतो. हातात फिरकी, खिशात तो फोन. पुतण्याने ‘काप्यो छे’ म्हणून आरोळी ठोकली तेव्हा माझ्या स्क्रीनवर एकाच फ्रिक्वेन्सीवरचे अकरा सेल, म्हणजे टॉवरांचे सेक्टर, होते, त्यातले पाच एकमेकांपासून सहा डेसिबलच्या आत. जिन्यात उतरलो तर दोनच उरले. त्या दिवसापासून आम्ही १३ तारखेच्या रात्री निवडक टॉवरना वेगळा टिल्ट देतो आणि १५ च्या रात्री काढून घेतो. अलीकडच्या अँटेनांत टिल्ट ऑफिसातून बदलता येतो, म्हणून हे जमतं. पूर्वी माणूस वर चढवावा लागे, आणि संक्रांतीच्या सुमाराला मांज्यांच्या जाळ्यात कुणाला टॉवरवर चढवायला माझा जीव धजत नसे.

आतापर्यंत टॉवर बोलतो आणि फोन ऐकतो त्याबद्दल बोललो. उलटी दिशाही तितकीच महत्त्वाची, आणि व्हिडिओ कॉलला दोन्ही लागतात. फोनची ताकद जास्तीत जास्त २०० मिलिवॉट. टॉवरला ती कुजबूज ऐकायची असते, त्यामुळे टॉवरच्या कानाशी शांतता हवी. गच्चीवरचा फोन आपल्या टॉवरशी बोलताना शेजारच्या दहा टॉवरनाही ऐकू जातो. हजारो फोन असे बोलू लागले की सगळ्यांच्याच कानाशी गोंगाट वाढतो. मग दूरच्या, घरातल्या, आधीच जेमतेम पोहोचणाऱ्या फोनचा आवाज त्यात बुडतो. वर पतंग उडवणाऱ्यांमुळे तळमजल्यावरच्या कुणाचा कॉल तुटतो, आणि त्याला कारण कधीच कळत नाही.

हा कानाशी होणारा गोंगाट काय करू शकतो ते मला एका प्रसंगाने कायमचं शिकवलं. मांडवीजवळच्या एका दाट वस्तीतल्या सेक्टरच्या तक्रारी थांबेनात. फोर-जीत एका ब्लॉकमागे शांत टॉवरला उणे ११८ च्या आसपास ऐकू यावं, ही जवळपास निसर्गानेच घातलेली मर्यादा आहे. उष्णतेमुळे होणारी खसखस त्याखाली जात नाही. आमच्या आलेखावर ती उणे १०० होती. अठरा डेसिबल, म्हणजे साठपटींहून जास्त. केबल बदलली, कनेक्टर बदलले, काही फरक नाही. मग दोन आठवड्यांचा तासातासाचा आलेख मी छापून भिंतीला लावला आणि नुसता बघत बसलो. रोज साडेदहाला गोंगाट चढायचा, रात्री नऊला खाली यायचा, आणि आठवड्यातला एक दिवस सपाट. यंत्रं बिघडली तर सुट्टी घेत नाहीत. हे कुणाचं तरी दुकान होतं.

हातात धरायची, दिशा शोधणारी यागी अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन आम्ही दोघं पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीच्या वस्तीत, शिरलो. अरुंद गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून सगळीकडून येतो. अँटेना जिकडे वळवावी तिकडे काटा चढतो. तीन तासांनी एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर सापडलं: करड्या रंगाचा डबा, खिडकीबाहेर एक अँटेना, आत छताला दुसरी. बाजारातून आणलेला सिग्नल बूस्टर. दोन अँटेनांमध्ये जेमतेम पाच फूट अंतर. माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो ना, तसा तो डबा स्वतःचंच ऐकून ओरडत होता, आणि तो आरडाओरडा सगळ्या वस्तीच्या टॉवरच्या कानात जात होता. डब्याचा प्लग काढला. ऑफिसातल्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, “उतरला, उणे ११७.” दुकानदार भला माणूस होता. दुकानात रेंज नसल्यामुळे गिऱ्हाइकांचे पैसे फोनवरून येत नव्हते, म्हणून त्याने तो घेतला होता. आपल्यामुळे बाजूच्या पंचवीस घरांचे फोन बंद पडलेत हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. विनापरवाना बूस्टर बसवणं बेकायदा आहे हे मी त्याला सांगितलं, तक्रारीची मजल येऊ दिली नाही, आणि त्या गल्लीत एक लहान सेल, म्हणजे कमी ताकदीचा छोटा टॉवर, बसवून घेतला. खरी गरज ती होती. म्हणून तुम्हालाही कळकळीने सांगतो, कुणी कितीही स्वस्तात दिला तरी बूस्टर घेऊ नका.

तर ‘आणखी टॉवर’ याचं माझं उत्तर असं: हवेत, पण बुटके. जुन्या शहरात छपरांच्या बऱ्याच वर उभा केलेला नवा टॉवर आसपासच्या सहा टॉवरचं काम बिघडवतो. विजेच्या खांबाच्या उंचीवरचा, शंभर मीटरपुरता लहान सेल कुणाला त्रास न देता गल्ली सांभाळतो. त्याला जागा, वीज आणि फायबर मिळवणं हे मात्र रेडिओच्या गणितापेक्षा कठीण. परवानगीसाठी कितीतरी जिने चढून झालेत.

गरब्याच्या मैदानावर आम्ही हेच करतो. बाहेरून मोठा झोत टाकण्याऐवजी मैदानाच्या कडेला चाकांवरचे टॉवर, अरुंद झोतांच्या अँटेना, ताकद मुद्दाम कमी. मैदानाचे फाळके करायचे आणि प्रत्येक फाळक्याला आपला झोत. तिथे जाणारा डेटा येणाऱ्यापेक्षा जास्त भरतो, कारण सगळेच व्हिडिओ पाठवत असतात.

फाइव्ह-जीने काय बदललं? २०२२ च्या लिलावात ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही कंपन्यांनी १०० मेगाहर्ट्झ सलग घेतले. दहाच्या तुलनेत ताट दहापट मोठं झालं. अँटेनाही बदलली: एका फळीत ३२ किंवा ६४ छोटे स्वतंत्र रेडिओ असतात आणि ते मिळून प्रत्येक फोनच्या दिशेने वेगळा बारीक झोत टाकतात, आडव्यात आणि उभ्यातही. गच्चीवरच्या फोनला वरचा झोत, रस्त्यावरच्याला खालचा. शिवाय फोर-जीचा टॉवर कुणी बोलत नसलं तरी आपले खुणेचे सिग्नल सतत टाकत राहतो; फाइव्ह-जीचा रिकामा असेल तेव्हा बराच गप्प बसतो. शांततेचा विचार करून केलेली ही रचना आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण ३३०० च्या लहरी जाड भिंतीत लवकर दमतात. तुमच्या माजघरात फाइव्ह-जी अडखळेल, गच्चीवर मात्र बहुतेक वेळा तेच उपयोगी पडेल.

एक गुंता त्यात आहे. ३३०० च्या पट्ट्यात बोलणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने होतं, म्हणून शहरातल्या सगळ्या टॉवरनी एकाच क्षणी बोलायचं आणि एकाच क्षणी ऐकायचं. चूक चालते तीन मायक्रोसेकंदांची. तेवढ्या वेळात रेडिओ लहर ९०० मीटर जाते. हे घड्याळ टॉवर उपग्रहांकडून घेतो. एखाद्याच्या जीपीएस अँटेनात पाणी शिरलं आणि त्याचं घड्याळ सरकलं, की बाकीचे ऐकत असताना तो बोलत राहतो. एका टॉवरमुळे आसपासचे दहा-बारा बहिरे होतात. पावसाळा संपला की मी सगळ्यात आधी ही छोटी पांढरी छत्रीसारखी अँटेना तपासायला लावतो.

तुमच्यापुरतं काय करता येईल ते सांगतो. फोनवर सिग्नल मोजणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या, ज्यात आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे काड्या, दुसरा म्हणजे खरी गोष्ट. एसआयएनआर दहाच्या वर असेल तिथून कॉल करा. शून्याच्या आसपास असेल तर जागा बदला. गच्चीवरही फरक पडतो. पाण्याच्या टाकीचा किंवा जिन्याच्या खोलीचा आडोसा घ्या, असा की ज्या बाजूला तुमचा टॉवर आहे ती मोकळी आणि बाकीच्या बाजू झाकलेल्या. दोन पावलं सरकण्याने सहा-सात डेसिबल मिळताना मी पाहिलेत. घरी ब्रॉडबँड असेल तर एक वायफायचा राउटर जिन्याच्या वरच्या टप्प्यावर आणा. मात्र पोळात २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायचीही अशीच खेचाखेच असते, एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. म्हणून राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. कंपनीला तक्रार करताना नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. तारीख, वेळ, मजला, आणि शक्य असेल तर हे दोन आकडे लिहा. ‘१४ जानेवारी, दुपारी ४, तिसऱ्या मजल्याची गच्ची, आरएसआरपी उणे ६६, एसआयएनआर उणे १’ अशी तक्रार माझ्या टेबलावर आली तर मी त्याच दिवशी टिल्ट बघायला घेतो, कारण रोग कुठला ते त्या एका ओळीत कळतं.

आणि नातवासाठी: पेच ऐन रंगात असतो तेव्हा साध्या कॉलवर त्याला आरोळ्या ऐकवा, व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवा आणि संध्याकाळी सातनंतर पाठवा. अंधार पडून तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीवरचे कागदी कंदील, चढायला लागतात तोवर बरीच मंडळी उंधियो खायला खाली उतरलेली असतात आणि आमचे आलेख सावरू लागतात. व्हिडिओ कॉलही त्याच वेळी लावा, गच्चीवरूनच. आकाशातले ते दिवे त्याला नीट दिसतील.